घडी कोण उघडणार?

चावीची घडी घेऊ की सेलची, असं कोणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारतो: तुमच्या तालुक्याच्या गावी घड्याळ उघडणारा माणूस उरला आहे का? कंपनी, किंमत, डायलचा रंग हे सगळं त्यानंतर. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापसा-तुरीच्या गावात शिक्षकी करता करता मी मनगटी घड्याळं जमवत आलो, आणि वर्षागणिक हे मत पक्कं होत गेलं. घड्याळ विकत एकदाच घेतो आपण. उघडावं मात्र ते पुन्हा पुन्हा लागतं, आणि विदर्भात जरा जास्तच लागतं.

आपल्या हवेचा घड्याळावर रागच आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या घरात तर विचारायलाच नको. घामानं केसचं, म्हणजे घडीच्या धातूच्या खोक्याचं, क्रोम उडतं आणि खालचं पितळ हिरवं पडतं. तेल पातळ होऊन जागा सोडतं, मग वाळून चिकटतं. कापूस घरात आला की रुईचा बारीक तंतू कुठे शिरेल सांगता येत नाही. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, काम करणाऱ्या एकाची घडी आमच्या घडीसाज चाचांनी माझ्यासमोर उघडली होती. बंद पडण्याचं कारण चिमट्याच्या टोकावर आलं: एका दातेरी चाकाच्या आसाला गुंडाळलेला, धड दिसतही नसलेला एक धागा. तो काढला, आसाला तेलाचा ठिपका दिला आणि बॅलन्सचं, म्हणजे घडीचा ताल धरणारं, चाक स्वतःहून डोलू लागलं. ती घडी चावीची होती म्हणून हे शक्य झालं. हे नीट समजून घेतलं तर चावी की सेल हा वाद अर्धा मिटतो.

आमच्या भागात मनगटावर घड्याळ असणं ही फार जुनी गोष्ट नाही. आजोबांच्या काळी ते देशमुखाच्या, पाटलाच्या किंवा कोर्टात जाणाऱ्या माणसाच्या हाताला असायचं, आणि ते बहुधा स्वित्झर्लंडचं: वेस्ट एंडचं सोवार, नाहीतर फेवर ल्यूबा. बाकी गाव सावलीवर आणि जिनिंगच्या भोंग्यावर चालायचं. सावलीची वेळ चुकीची होती असं म्हणायचं कारण नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, यवतमाळ ७८ च्या किंचित पुढे, त्यामुळे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी बारा वाजून सतरा-अठरा मिनिटांनी. पाचवीच्या मुलांना मी शाळेच्या पटांगणात काठी रोवून हे दाखवतो, तेव्हा सगळ्यांत जास्त नवल त्यांना याचंच वाटतं की घड्याळ आणि सूर्य दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

घड्याळ सामान्य माणसाच्या हातावर आणलं ते एचएमटीनं. हिंदुस्तान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना १९५३ चा. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळूरला घड्याळं बनू लागली आणि पंडित नेहरूंच्या हस्ते ती देशापुढे आली. पुढे जनता, पायलट, सोना, कोहिनूर, जवान, आणि लग्नात जावयाला द्यायची ऑटोमॅटिक कांचन. नावं वाचली तरी कळतं की ही घड्याळं कोणासाठी होती. आमच्याकडे नवरदेवाचं घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही तीन मागणी ठरलेली, आणि वधूपित्याचा घोर त्यातल्या घड्याळावर जास्त, कारण पैसे असले तरी ते लगेच मिळेल याची खात्री नसायची. बाबांची जनता अशीच लग्नातली. डायलवर देवनागरीत नाव, पांढऱ्या पार्श्वभूमीवर साधे काटे, दिखाऊपणा काडीचा नाही. माझ्या नजरेत आजही यापेक्षा सुंदर डायल भारतात बनलेली नाही, आणि हे मी बाबांची आहे म्हणून म्हणत नाही. पाहिजे ते सगळं तिथे आहे आणि नको ते एकही नाही.

जनताच्या आतलं मशीन एकदा तरी उघडं पाहावं. चावी फिरवली की डब्यातली कमानी आवळली जाते. ती सैल होताना चाकांची रांग ओढते. ही ओढ एकदम सुटून जाऊ नये म्हणून शेवटी एक छोटा नांगर बसवलेला असतो, आणि तो एका वेळी एकच दात सोडतो. कधी सोडायचा ते ठरवतं बॅलन्सचं चाक, आणि त्या चाकाला परत फिरवते बालकमानी, केसाहून बारीक, गुंडाळलेली. ही बालकमानी खिशातल्या घड्याळात आणण्याचं श्रेय डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हॉयगन्सला जातं, साल १६७५. जनतात दर सेकंदाला पाच टोले, तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. माणूस झोपलेला असो की डवरणीला गेलेला असो, सकाळी दिलेल्या तेवढ्याशा चावीवर हे काम रात्रंदिवस चालतं. मी वर्गात मुलांच्या कानाला ती घडी लावतो. जो पोरगा पाढ्यांना कंटाळतो तोही १८,००० ला २४ ने गुणायला बसतो.

डायलवरच्या ‘१७ ज्वेल्स’बद्दल एक गैरसमज काढून टाकायला हवा. बाजारात अजूनही सांगतात की आत १७ माणकं आहेत, म्हणून भाव जास्त. माणकं आहेत हे खरं, पण ती कारखान्यात बनवलेली. १९०२ मध्ये फ्रान्सच्या व्हर्नॉयनं कृत्रिम माणिक करण्याची रीत जाहीर केली तेव्हापासून घड्याळातल्या माणकाला दागिन्याची किंमत उरली नाही. त्याचं मोल वेगळं आहे. पोलादाचा आस माणकात फिरला तर फारसा झिजत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची घडी धुऊन तेल दिल्यावर पुन्हा चालते, त्यामागे हे १७ खडे आहेत. शेजारी लिहिलेलं ‘पॅराशॉक’ म्हणजे बॅलन्सच्या नाजूक टोकांखालची स्प्रिंगची गादी, घडी हातातून पडली तर टोक मोडू नये म्हणून.

आता सेलची घडी. चावीच्या घड्याळांचे पुष्कळ शौकीन क्वार्ट्झचं, म्हणजे स्फटिकावर चालणाऱ्या या सेलच्या घडीचं, नाव काढलं की नाक मुरडतात. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण माझी आत्या आहे. ती आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. पावसाळ्यात नाल्याला पूर आला तरी पलीकडच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, बाळंतिणीला पाहायला जायची. तिच्याकडे आधी चावीची घडी होती. तिचा सेकंदकाटा सेकंदाला पाच बारीक उड्या घेत सरकायचा, डोळ्याला तो वाहताच दिसायचा. मग तिनं सेलची घेतली. तिचा काटा सेकंदाला एकच ठाम पाऊल टाकायचा. कंदिलाच्या उजेडात एका हातात रोग्याचं मनगट धरून नाडी मोजताना ते एक पाऊल किती उपयोगी पडतं, हे तिनं मला दाखवलं होतं. चावीच्या घडीची मी बाजू घेऊ लागलो की म्हणायची, “मले नाडी मोजाची असते रे बाप्पा, घडी ऐकाची नसते.” तिची ती जुनी घडी आज माझ्याकडे आहे आणि सेलचीही आहे. दोन्ही मी सारख्याच मानानं ठेवतो.

क्वार्ट्झची गंमतही कमी नाही. स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. उलट वीज दिली की स्फटिक थरथरतो. घड्याळातला स्फटिक नादकाट्याच्या आकाराचा, दोन पायांचा कापलेला असतो आणि सेकंदाला बरोबर ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याला दोननं भागत जा; पंधराव्या भागाकाराला एक उरतो. सेकंदाला एक विद्युत ठोका मिळतो, तो छोट्या मोटरला जातो आणि काटा एक घर पुढे. पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, सेकोचं ॲस्ट्रॉन, टोकियोत २५ डिसेंबर १९६९ ला विक्रीला आलं. किंमत साडेचार लाख येन, त्या वेळच्या एका लहान मोटारीएवढी. आपल्याकडे टाटा आणि तमिळनाडूच्या औद्योगिक विकास महामंडळानं १९८४ मध्ये टायटनची कंपनी काढली, होसूरला कारखाना उभारला आणि १९८७ पासून घड्याळं बाजारात आणली, भर पहिल्यापासून क्वार्ट्झवर. मोटारीच्या भावाचं तंत्र पंचवीस-तीस वर्षांत जत्रेतल्या चादरीवर आलं. शेतमजुराच्या हातावर, गुराख्याच्या हातावर घड्याळ आलं ते त्यामुळे. ज्या माणसाकडे वेळ विचारायला देशमुखाच्या ओसरीपर्यंत जाण्यावाचून इलाज नव्हता, त्याच्या नातवाला ती स्वतःच्या मनगटावर दिसू लागली. एवढं मोठं काम करणाऱ्या यंत्राला कमी लेखणं मला जमत नाही. १९८९ चं कॅसिओचं एफ-९१ डब्ल्यू हे साधं काळं आकड्यांचं घड्याळ माझ्या पेटीत आहे. एका सेलवर सुमारे सात वर्षं चालतं. वजन नाही, खर्च नाही, आणि ओलिताच्या रात्री त्याचा गजर लावून झोपलं तर लाइन (वीज) यायच्या वेळी नेमकं उठवतं.

अचूकपणात चावीची घडी हरते, हे सरळ मान्य करावं. चांगली सर्व्हिसिंग केलेली जनता दिवसाला वीस-तीस सेकंद इकडे-तिकडे होईल. साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधरा सेकंदांच्या आसपास. मात्र आपल्या उन्हाळ्यात क्वार्ट्झही थोडं ढळतं. तो नादकाट्यासारखा स्फटिक २५ अंशांच्या जवळपास सगळ्यात नीट चालेल असा कापलेला असतो. तापमान वर जावो की खाली, घडी मागेच पडते, आणि अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते. ४५ अंशाच्या खोलीत पडून राहिलेली साधी क्वार्ट्झ घडी दिवसाला एक सेकंदाहून थोडी जास्त मागे पडते; महिन्याला पस्तीस-छत्तीस सेकंद. हातावर बांधली तर अंगाला लागून ती खोलीएवढी तापत नाही आणि बरीच सुधारते. म्हणून उन्हाळ्यात घड्याळ टिनाखालच्या कपाटात टाकण्यापेक्षा हातावर बांधलेलं बरं.

पण मिनिटाला धरून राहायची गरज खेड्यातल्या माणसाला कधी पडते? लोक मानतात तेवढी कमी नाही. सेवाग्रामला गांधीजी कमरेला दोरीनं घड्याळ अडकवून हिंडत आणि प्रार्थनेची वेळ त्यावर पाहत. आमच्या बाबांचं मिनिट वेगळं होतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीला त्याच मिनिटाला मौन श्रद्धांजली होते, लाखो माणसं जागच्या जागी उभी राहतात. कापसाचा हंगाम तोंडावर असायचा, दर वर्षी जाणं व्हायचं नाही. न गेलेल्या वर्षी बाबा सकाळीच रेडिओच्या बातम्यांना जनता मिळवून ठेवायचे आणि ४ वाजून ५८ ला वावरात, असतील तिथे, टोपी सारखी करून उभे राहायचे. सालदारही थांबायचा, बैलही थांबवायचे. दिवसाला अर्धं मिनिट ढळणारी घडी त्या मिनिटाला पुरेशी होती, कारण माणूस तिला रोज मिळवत होता. चावीच्या घडीचा खरा स्वभाव मला इथे सापडतो. तिला रोज सकाळी हात लागतो, रोज कोणीतरी तिच्याकडे पाहतं, आणि बिघडू लागली तर त्याच दिवशी कळतं.

जमवायचं म्हटलं की आज पहिला धोका बाजाराचा आहे. केंद्र सरकारनं जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला आणि जुन्या एचएमटीला एकदम भाव आला. इंटरनेटवर लाल, पोपटी, निळ्या डायलच्या चकचकीत ‘जुन्या’ घड्या ढिगानं दिसतात. शौकीन मंडळी त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात: चार मेलेल्या घड्यांचं सामान एकत्र करून, डायल नव्यानं रंगवून बसवलेल्या. त्या ओळखायला फार विद्या लागत नाही. मिनिटांच्या रेघा भिंगातून पाहा. मूळ छपाई बारीक आणि सारखी असते, नव्या रंगातली जाड आणि कडेला फुटलेली. सेकंदकाट्याचं टोक रेघांपर्यंत पोहोचतं का पाहा. काटे एका मॉडेलचे आणि केस दुसऱ्याची तर नाही? विकणाऱ्याला मागचं झाकण काढून मशीनचा फोटो मागा. तो टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा. पैसे आणि विश्वास दोन्ही वाचतात. डाग पडलेली, पिवळी झालेली मूळ डायल मला रंगवलेल्या डायलपेक्षा केव्हाही प्रिय आहे. घडीसाजानं काच बदलली, पट्टा बदलला, चावी नवी लावली, त्याला मी खोट म्हणत नाही. तो घडीच्या संसाराचा भाग आहे. डायल म्हणजे मात्र तिचा चेहरा.

मोबाइलवर टिकटिक ऐकून ठोके मोजणारी ॲप मिळतात. शांत खोलीत घडी माइकजवळ धरली की १८,००० चा हिशेब बरोबर लागतो की नाही ते दिसतं. घडी अचानक तासाला मिनिटं-मिनिटं पुढे पळू लागली तर बहुधा चुंबक लागलेलं असतं, स्पीकरचं नाहीतर मोबाइलच्या कव्हरचं. बालकमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात, ती आखूड झाल्यासारखी वागते आणि चाक घाई करतं. शाळेच्या प्रयोगपेटीतलं होकायंत्र घडीवर धरून पाहावं. सुई घडीच्या तालावर थरथरली तर दोष समजला. चाचांकडे चुंबक काढायची एक गुंडाळी आहे, मिनिटाचं काम.

सेलच्या जुन्या घड्यांसाठी एकच गोष्ट कळकळीनं सांगतो. बंद घडीत मेलेला सेल ठेवू नका. तो फुटतो, त्यातलं क्षार बाहेर येतं आणि केसासारख्या तांब्याच्या तारेची कॉइल खाऊन टाकतं. कॉइल गेली की त्या मॉडेलची दुसरी मिळेपर्यंत घडी गेलीच. नवा सेल घालतानाही नाव वाचून घ्या. एसआर ६२६ हा सिल्व्हर ऑक्साइडचा, शेवटपर्यंत जवळपास सारखा १.५५ व्होल्ट देतो. एलआर ६२६ त्याच मापाचा, स्वस्त, पण त्याचा दाब उतरत जातो आणि गळण्याची भीती जास्त. दुकानात न विचारता बहुधा दुसराच मिळतो. आजच्या स्वस्त क्वार्ट्झचं मशीन प्लॅस्टिकचं असतं. कोणी दुरुस्त करत बसत नाही, आख्खं मशीन काढून नवं बसवतात, आणि वापरायच्या घडीसाठी तेच योग्य. ठेवायच्या घडीचा प्रश्न वेगळा. तिचं मशीन उद्या मिळणार नाही. चावीच्या घडीला मात्र धुणारा, तेल देणारा, गरज पडली तर मोडलेला आस लेथवर कातून देणारा माणूस पुरतो.

तो माणूसच आता दुर्मीळ होत चालला आहे. आमच्या चाचांचं दुकान बस स्टँडसमोर, एका माणसाला बसता येईल एवढं. काचेची पेटी, डोळ्याला भिंग, घंट्यांसारख्या काचेच्या झाकणांखाली उघडलेल्या घड्या. म्हणतात, “सर, हे मशीन मरत नसते. याले धुवा, तेल द्या, अजून पन्नास वर्षं काढते. माया डोळ्याले कोण तेल देईन?” त्यांना मोतीबिंदू झाला होता. एक डोळा उजळला, दुसऱ्याचं ऑपरेशन व्हायचं आहे. मुलगा नागपूरला नोकरीला. गेल्या काही वर्षांत मी घड्या घेणं कमी केलं आणि सुटं सामान घेणं वाढवलं. कमान्या, काचा, चावीच्या दांड्या, बॅलन्सचे पूर्ण संच. नागपूरच्या इतवारीत जुन्या दुकानांचे खण रिकामे होताना वजनावारी मिळालं ते सगळं चाचांकडे जमा केलं आहे. माझ्या संग्रहातला सगळ्यात मोलाचा भाग तोच, आणि तो माझ्या घरात नाही.

चाचांच्या शेजारी मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलेला एक पोरगा आहे. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, बारीक चिमटे आहेत आणि मुख्य म्हणजे न थरथरणारा हात आहे. आधी तो नुसता पाहायला येऊन बसायचा. चाचांनी त्याला भंगारातली एचएमटीची मशीनं दिली: खोल, मांड, पुन्हा खोल. बॅलन्स बसवताना बालकमानी वाकडी होते तिथे सगळ्यांचं अडतं, त्याचंही अडलं, पण आता त्यानं मांडलेली मशीनं चालतात. चालत्या घडीला हात लावायची परवानगी चाचांनी अजून दिलेली नाही. त्याला सरावाला मशीनं हवी आहेत, खूप हवी आहेत.

म्हणून दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी या बाजूच्या वाचकांना विनंती आहे. घरातल्या लोखंडी पेटीत आजोबांची बंद घडी असेल तर भंगारात देऊ नका. बंद आहे म्हणून जोर लावून चावी देऊ नका, हलवून पाहू नका, सेलची असेल तर सेल आधी काढून घ्या. केस गंजलेली, काच फुटलेली, काटे नसलेली कशीही चालेल. चालू करण्याजोगी असली तर चाचा ती धुऊन तुम्हालाच परत देतील, मजुरी आधी सांगूनच. नसली आणि तुम्हाला नको असली, तर तिचं मशीन पोराच्या सरावाला राहू द्या.